परवा म्हणजे कधी

मुग्धाताई, चूक तुझी नव्हती.

आधी एवढं लिहून टाकतो, बाकी मग. दुसरीकडून सुरुवात केली तर मी भरकटेन आणि हेच सांगायचं राहून जाईल, मी कसा आहे तुला माहितीय. तुझा काटा बरोबर होता, ओव्हन बरोबर होता, रबर बरोबर होतं, तुझे हात बरोबर होते. चूक माझ्या तोंडातून निघाली होती. एक शब्द होता, दोन सेकंदाचा. आणि तू वर्षभर ती चूक स्वतःमध्ये शोधत बसलीस.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले.

लॅबमध्ये आलो तेव्हा मला वाटलेलं पीयू म्हणजे आमच्या दुकानातलं पीयू. आजोबा नांदेडकडून हैदराबादला आले तेव्हापासून आमचं गौलीगुड्यात चपलांचं होलसेल आहे, आमच्या घरात पीयूच्या पुढे सोल हा शब्द लागलेलाच असतो. पीयू सोल, लेडीज, सहा ते नऊ नंबर. तू पहिल्या दिवशी विचारलंस, "पॉलियुरेथेन माहितीय का?" आणि मी बोललो, "हौ, डझनाने माहितीय." तू एवढी हसलीस की वाजिदभाई स्टोअरमधून बाहेर आले, काय फुटलं बघायला.

मग तू स्टुलावर बसून मला समजावलंस. गादीतलं, सोफ्यातलं, चपलेतलं पीयू पेट्रोलमधून येतं आणि फेकलं की तसंच पडून राहतं. तू ते रबराच्या झाडाच्या चिकापासून करत होतीस. केरळातून त्या पिवळट शीट यायच्या, अख्ख्या लॅबला वास. रबर म्हणजे एक लांबच लांब साखळी, तिचे तुकडे करायचे, मग ते मधासारखं ओघळतं. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना हात बसवायचे, म्हणजे तो दुसऱ्याला धरेल. आणि मधे मधे असे सांधे घालायचे की मातीतले बारीक जीव ते खातील. "वापरताना घट्ट, टाकल्यावर सैल," तू म्हणालीस, दोन्ही हातांची बोटं अडकवून आणि सोडून दाखवलीस. मी तोवर बीएस्सी, एमएस्सी सगळं पाठ करून पास झालो होतो. समजलं पहिल्यांदा त्या दिवशी.

घरी जाऊन पप्पांना सांगितलं. पप्पा बोलले, "म्हणजे चप्पल मातीत कुजणार?"

"हौ."

"मग गिऱ्हाईक काय चप्पल डोक्यावर घेऊन फिरणार का?"

हे मी तुला सांगायलाच नको होतं. तू रविवारी दिलसुखनगरच्या तुझ्या हॉस्टेलवरून सरळ दुकानात आलीस, भांडायला. पप्पांनी गोडाऊनमधून तीन वर्षं पडून राहिलेला खोका काढला, एक सोल घेतला, मुठीत दाबला. भुगा. "बघा मॅडम, आमचं पीयू तुमच्या आधीच कुजलं. तुम्ही कशाला डिग्री करू लालाव?" तू तो भुगा पिशवीत भरून घेतलास. म्हणालीस, "काका, हा भुगा झालाय, कुजला नाहीये. भुगा झाला म्हणजे नुसता दिसेनासा झाला. कुजला म्हणजे कुणाच्या तरी पोटात गेला." पप्पा हे अजून गिऱ्हाइकांना सांगतात. परवाच्या

बघ. आत्ताही तोच शब्द आला. खोडत नाही, राहू दे. गेल्या सोमवारी पप्पा एका गिऱ्हाइकाला हे सांगत होते आणि मधेच थांबले, मग उगाच वरच्या फळीवरचे खोके खाली काढायला लागले. गिऱ्हाइकाला वाटलं माल दाखवतायत.

तुझा खरा निकाल लॅबमध्ये नव्हताच, गच्चीवर होता. त्या पीयूच्या पातळ फिल्मचे चौकोनी तुकडे कापायचे, वजन करायचं, जाळीच्या पिशवीत शिवायचे, मातीच्या ट्रेमध्ये पुरायचे. मग ठरलेल्या आठवड्याला एकेक पिशवी काढायची, धुवायची, वाळवायची, परत वजन. जेवढं कमी भरलं तेवढं मातीने खाल्लं. बस. पाच वर्षांचं शिक्षण आणि शेवटी कुंडीला पाणी घालतो तसं पाणी घालत बसायचं, असं तूच बोलायचीस. आणि खाली बसून मातीला नाक लावायचीस. "ओंक्या, वास घे, जिवंत आहे," म्हणायचीस. मला कधीच काही वास आला नाही, मी हौ बोलायचो.

वाजिदभाईंचा तो किस्सा आम्ही किती लोकांना सांगितला असेल. तू नवीन होतीस, स्टोअरमध्ये एका बाटलीबद्दल विचारलंस, ही कधी आली? वाजिदभाई बोलले, "परसोंइच आई ना अक्का." बाटलीवर दोन वर्षांपूर्वीचं लेबल. तू त्यांच्यासमोर लेबल धरलंस. ते जराही हलले नाहीत. "देखो अक्का, कल बोले तो कल. उसके पीछे का पूरा परसों." तू ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलंस. पुण्याहून कुणी आलं की त्यांना फ्रिजपाशी नेऊन वाचून दाखवायचीस, वाजिदभाईंच्या आवाजात. वाजिदभाईंनाही ते आवडायचं.

आता ती गोष्ट.

मागच्या वर्षी गणपतीत तुझ्या बाबांची बायपास ठरली आणि तू पुण्याला गेलीस. नव्या फिल्म तयार होत्या. जाताना म्हणालीस, "माती मुरली की पुर, घाई करू नकोस." मी दुसऱ्याच दिवशी पुरल्या. विसर्जनाची सुट्टी होती, आमच्याकडे सगळे रस्ते बंद, घरी बसवेना म्हणून चालत लॅबला आलो, वॉचमनकडून चावी घेतली आणि काम करून टाकलं. तुला वाटावं, पोरगा कामाचा आहे. वजनं लिहिली. तारीख लिहिली नाही.

तीन आठवड्यांनी तू परत आलीस. जिन्यात भेटलीस, खांद्यावर बॅग तशीच. बाबा कसे आहेत हे मी विचारायच्या आधी तूच विचारलंस, "ओंकार, फिल्म कधी पुरल्यास?" मी फोनवर टाइप करत होतो. मान वर न करता बोललो, "परवा."

तू वर जाऊन वहीत लिहिलंस.

सहा आठवड्यांनी पिशवी उघडली तेव्हा तुझा चेहरा बघायला पाहिजे होता कुणीतरी, माझ्याशिवाय. फिल्म जाळी झाली होती. निम्मी उरलीच नव्हती. तू तीनदा वजन केलंस, मला करायला लावलंस, वाजिदभाईंनाही हात धरून काट्यापाशी आणलंस. इतक्या लवकर कुणाचं कुजलं नव्हतं, निदान आम्ही वाचलेल्यांत तरी नाही. सरांनी त्याच आठवड्यात पेपर लिहायला घेतला. तू हिमायतनगरहून सगळ्यांसाठी मिरची भजी आणलीस आणि स्वतः एकही खाल्लं नाहीस, कारण तुला सगळ्यांना परत परत सांगायचं होतं.

मग तू रिपीट लावलंस. तू होतीसच तशी. सहा आठवड्यांनी जवळपास काहीच नाही. निम्मं व्हायला नऊ लागले. परत लावलंस, नऊ. तिसऱ्यांदा, नऊ. आम्ही त्या पहिल्या बॅचला जादूची बॅच म्हणायला लागलो आणि तू ती जादू शोधायला लागलीस. रबराची शीट जुनी होती का? पावसाची हवा होती, फिल्ममध्ये पाणी शिरलं का? कॅटॅलिस्टचा एखादा थेंब जास्त पडला का? तुझ्या वहीत त्या महिन्यांची पानं मी आता वाचलीत. प्रत्येक पानावर तू स्वतःला धरलंयस. "माझा हात हलला असेल." "मी घाईत होते, बाबांचं टेन्शन." एक पानभर नुसतं, "मी काय केलं, मी काय केलं."

आणि आपलं भांडण. ते मला लिहायचं नाहीये पण लिहितो.

तू वजनाच्या खोलीत होतीस. म्हणालीस, जादूची बॅच पेपरमधून काढते, थिसिसमधूनही काढते. मी चिडलो. बोललो, आकडा चांगला आलाय तर ठेव ना, कोण बघायला येणार आहे, तुम्हा पुण्याच्या लोकांना चांगलं झालेलं पचतच नाही का? तू शांतपणे म्हणालीस, "तुला आकडा पाहिजे, ओंक्या. मला कारण पाहिजे." मग जरा थांबून, एकदम हळू, "तुला पुरल्याचा दिवस नक्की आठवतोय ना?"

तू विचारलं होतंस, ताई. तू बरोबर तिथे बोट ठेवलं होतंस. मी एक मिनिट विचार केला असता तर सगळं तिथेच सुटलं असतं.

मी काय बोललो? "आता माझ्यावर डाऊट का? सगळं तपासून झालं, आता पोरगाच उरला?"

आणि तू म्हणालीस, "सॉरी. तसं नव्हतं म्हणायचं मला."

तू मला सॉरी म्हणालीस. माझ्याशी तुझं शेवटचं बोलणं ते.

मी रुसून बसलो. दिवसाला चाळीस मेसेज टाकणारा मी, एका वाक्याचे सात तुकडे करून पाठवणारा, तू ज्याला म्हणायचीस की अरे एकदा श्वास घे, त्या मी चार दिवस तुला एक अक्षर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला ताप आला. हॉस्टेलमधल्या मुलींनी सांगितलं, डेंग्यू आहे. मला वाटलं, बरी होईल, सगळे होतात, बरी झाली की मग बोलू. पाचव्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा तू आत होतीस आणि आत कुणाला सोडत नव्हते. तुझी आई बाहेरच्या बाकावर होती. काकूंनी माझा हात धरला आणि बोलल्या, "तू ओंकार ना? ती तुझंच सांगते सारखं." मी तेव्हा फक्त मान हलवली. सातव्या दिवशी तू गेलीस.

तुला पुण्याला नेलं तेव्हा मी आलो नाही. सगळे आले, सर आले, वाजिदभाई रात्रभर बसमध्ये बसून आले. मी सांगितलं, ट्रेला पाणी घालायला कुणीतरी पाहिजे, माती सुकली तर ताईची शेवटची बॅच जाईल. सगळे बोलले, हौ, बराबर है. खोटं होतं. दोन दिवसांनी माती सुकत नाही. मला काकूंकडे बघायचं नव्हतं.

मागच्या आठवड्यात सरांनी मला तुझ्या वह्या दिल्या. बोलले, पेपर आपण पाठवायचा, पहिलं नाव तिचं, जादूची बॅच ठेवायची. वर एक ओळ टाकू की हे परत जमलं नाही, पण आकडा जाऊ दे, उसका नाम होना. लॅबमध्ये सगळे हौ बोलले. मीही बोललो. मलाही तेच पाहिजे होतं.

वही घेऊन बसलो आणि त्या पानावर आलो. तुझं अक्षर, पेन्सिलीने समासात. "ओं. म्हणाला, परवा." पुढे बाण. पुढे तारीख. जिन्यातल्या दिवसाच्या बरोबर दोन दिवस मागची.

आधी मला वाटलं तू चुकीची तारीख घातलीस. मी बोललो स्वतःशी, नाही, त्या दिवशी तर मी दुकानात होतो, मालाची मोजणी चालू होती. पुरलं तर विसर्जनाला. परत वाचलं. परत वाचलं. मग तो शब्द मोठ्याने म्हणून बघितला.

आमच्या घरात परवा म्हणजे परवा नसतो, ताई. आत्याच्या पोराचं लग्न परवा झालं, त्याची पोरगी यंदा शाळेत गेली. दुकानाचं छत परवा गळत होतं, ते मी सातवीत असताना. आम्ही तीन पिढ्या इथे आहोत, शब्द मराठी राहिले आणि आतला माल हैदराबादी झाला, आम्हाला कळलंही नाही. वाजिदभाईंचा परसों तू ओळखलास, कारण तो तुझा शब्द नव्हता. माझा परवा तुला तुझाच वाटला.

फोन काढला. वर वर वर ढकलत गेलो, मागच्या वर्षीपर्यंत. विसर्जनाच्या दिवशीचे माझे मेसेज, एकवीस. रस्त्यावरचे गणपती, बंद दुकानं, वॉचमनची चावी, आणि मधेच एक फोटो, मातीचे ट्रे आणि माझे काळे हात. खाली मी लिहिलं होतं, "ताई झोपवली सगळी पोरं." त्याच्याखाली तुझं उत्तर, तासाभराने. "शाब्बास. बाबांना आत्ताच ऑपरेशनला आत नेलं." मग परत माझे नऊ मेसेज.

तारीख होती. तुझ्या फोनमध्येही होती, माझ्याही. माझ्याच बडबडीखाली दबून.

दोन्ही तारखांमध्ये वीस दिवस.

मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. खरं सांगतो. मला वाटलं, कुणाला कळणार? तुझा आकडा राहील, तुझं नाव राहील, सगळ्यांना बरं वाटेल. मी सांगितलं तर काय होणार, तुझी जादूच काढून घेणार मी? तू गेल्यावर? पण प्रत्येक वेळी ते पान डोळ्यांसमोर यायचं, "मी काय केलं, मी काय केलं." जादूची बॅच तशीच छापली असती तर तो प्रश्न कायमचा तुझ्या नावावर राहिला असता, की हिने एकदा काहीतरी केलं आणि परत तिला ते जमलं नाही.

काल सकाळी सरांकडे गेलो आणि सगळं बोललो. हिंदीत बोलताना परवा आणि परसोंचा असा गोंधळ झाला की तीनदा सांगावं लागलं. सरांनी कॉम्प्युटरवर तुझा ग्राफ उघडला. चार रेघा, तीन एकत्र आणि एक एकटी, पुढे पळालेली. सरांनी त्या एकटीची पुरल्याची तारीख वीस दिवस मागे घेतली.

चारही रेघा एकावर एक बसल्या, ताई. इतक्या नीट की स्क्रीनवर एकच दिसत होती. सरांनी मोठं करून बघितलं, तरी एकच.

"चार बार किया उसने," सर बोलले. "चारों बार सेम." मग, "मेरे से ऐसा नहीं आता था."

मी विचारलं, पेपर छोटा होईल का आता.

"होगा. होने दो."

जादू कधी नव्हतीच. तुझं रबर नऊ आठवड्यांत निम्मं होतं, दर वेळी, पावसात, उन्हात, तुझे बाबा आजारी असताना, तू घाबरलेली असताना. तुला जे कारण पाहिजे होतं ते एवढंच होतं की तुझा हात कधी हललाच नाही. मला हे तुला सांगायचंय आणि सांगता येत नाही, हे असं कसं आहे मला समजत नाही. मी सगळं सगळ्यांना लगेच सांगणारा माणूस आहे. घरी रात्री पप्पांना सांगितलं. पप्पा बोलले, "त्या पोरीला सांगायला पाहिजे होतं रे." एवढंच बोलले.

सर बोलले होते, "घर पे तुम बताओ. मराठी में बताओ. मैं इंग्लिश में बोलूँगा तो कंडोलेंस लगेगा." म्हणून आज दुपारी गच्चीवर जाऊन काकूंना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, जेवलास का. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं, जिना, फोन, परवा, वीस दिवस, आणि काकू, तिचं काहीच चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि तिने मला सॉरी म्हटलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बंद केला.

"तिला कळलं होतं का रे हे?" काकू बोलल्या.

मला हो म्हणायचं होतं. एक शब्द, दोन सेकंद.

"नाही काकू. नाही कळलं."

"बरं," त्या बोलल्या. मग नाक ओढल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा. "थांब. वही घेते. पहिल्यापासून सांग, तिच्या बाबांना वाचून दाखवायचंय. घाई करू नकोस."

मी पहिल्यापासून सांगितलं. झाड, चीक, साखळी, तुकडे, हात, सांधे. तू सांगितलं होतंस तसंच, तुझेच शब्द, माझ्याकडे दुसरे नाहीत. काकू लिहीत होत्या, मधे मधे हूं म्हणत होत्या. मग थांबल्या.

"पॉलियुरेथेन," त्या बोलल्या. "यातली ली, पहिली वेलांटी की दुसरी?"

"एक मिनिट काकू," मी बोललो, "ताईला विचारून सांगतो."

"असू दे," काकू बोलल्या. "दोन्ही लिहून ठेवते."